कॉम्प्युटर सगळ्यांचा, पेनड्राइव्ह कोणाच्या नावावर?

एकच डेस्कटॉप, त्यावर लिनक्स, आणि दोन-तीन जणांची वेगवेगळी लॉगइन. आईने आपल्या लॉगइनमध्ये एक्सटर्नल हार्ड डिस्क लावली. ती आपोआप उघडली, फोटो दिसले, काम झालं. मग लॉगआउट न करता तिने ‘स्विच यूजर’ केलं आणि मुलगी आपल्या लॉगइनमध्ये शिरली. डिस्क तशीच लावलेली आहे, फाइल मॅनेजरच्या डाव्या पट्टीत तिचं नावही दिसतंय. पण क्लिक केलं की संदेश येतो: हे फोल्डर उघडण्याची परवानगी नाही.

अशा वेळी बहुतेकांना आधी वाटतं की डिस्क बिघडली. मग वाटतं, लिनक्स हे असंच. दोन्ही चूक. डिस्क धडधाकट आहे आणि कॉम्प्युटरने जे केलं ते पूर्ण विचारांती केलंय. डिस्क लावली त्या क्षणी समोर आई बसली होती, म्हणून डिस्क आईच्या नावावर लागली. मुलीचं नाव त्या व्यवहारात कुठेच नव्हतं.

‘डिस्क आपोआप माउंट होते’ हे ऐकायला एकच काम वाटतं. प्रत्यक्षात त्यात तीन वेगळे निर्णय घेतले जातात: डिस्क कोणाच्या सांगण्यावरून जोडायची, ती कुठे जोडायची, आणि आतल्या फाइलींचा मालक कोण समजायचा. इंटरनेटवर सापडणारे बरेचसे उपाय या तिघांपैकी एकालाच हात घालतात. म्हणून ते अर्धेच चालतात: फोल्डर उघडतं पण फाइल सेव्ह होत नाही, किंवा सेव्ह होते पण दुसऱ्याला ती बदलता येत नाही.

डिस्क खोचल्यावर काय काय घडतं

विंडोजमध्ये नवीन डिस्क आली की तिला ई, एफ, जी असं एखादं अक्षर मिळतं. लिनक्समध्ये अक्षरं नाहीत. तिथे सगळ्या फाइलींचं एकच झाड असतं आणि नवी डिस्क त्या झाडातल्या एखाद्या फोल्डरवर आणून जोडावी लागते. या जोडण्यालाच माउंट म्हणतात, आणि ज्या फोल्डरवर जोडलं तो तिचा माउंट पॉइंट. युनिक्समध्ये मुळात हे काम फक्त रूटचं, म्हणजे सर्वाधिकारी यूजरचं. साध्या यूजरला माउंट करता येत नाही, आणि आजही कर्नलचा, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याचा, नियम तोच आहे. मग पेनड्राइव्ह पासवर्ड न विचारता कसा लागतो?

पेनड्राइव्ह खोचला की सगळ्यात आधी कर्नलला कळतं. तो नव्या उपकरणाची वर्दी देतो. ती ऐकायला यूडेव्ह नावाची सेवा टपून बसलेली असते. यूडेव्ह डिस्कच्या सुरुवातीचा भाग वाचून फाइल सिस्टीम, म्हणजे डिस्कवर फाइली मांडण्याची पद्धत, ओळखते (फॅट, एक्सफॅट, एनटीएफएस, ईएक्सटी४ वगैरे), डिस्कचं लेबल आणि यूयूआयडी हा ओळख क्रमांक टिपून ठेवते. कर्नल डिस्कला देतो ती एसडीबी, एसडीसी अशी नावं भरवशाची नसतात. आज जी डिस्क एसडीबी आहे ती उद्या दुसऱ्या क्रमाने खोचली तर एसडीसी होईल. यूयूआयडी मात्र फॉरमॅट करेपर्यंत तोच राहतो. ईएक्सटी४ मध्ये तो १२८ बिटांचा असतो, फॅटमध्ये जेमतेम ३२ बिटांचा. एक गोष्ट इथेच सांगून टाकतो: एका डिस्कची हुबेहूब क्लोन केलेली दुसरी डिस्क असेल तर दोघींचा यूयूआयडी एकच असतो. दोन्ही एकदम लावल्या तर गोंधळ ठरलेला.

यूडेव्हने जमवलेली माहिती यूडिस्क्स नावाच्या दुसऱ्या सेवेकडे जाते. ही रूटच्या अधिकाराने चालते, म्हणजे हिला माउंट करता येतं. पण ती आपणहून काही करत नाही. कोणीतरी येऊन ‘ही डिस्क जोड’ असं सांगावं लागतं. ते सांगायचं काम तुमच्या डेस्कटॉपचं, म्हणजे पडद्यावर खिडक्या आणि मेनू दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरचं. गनोममध्ये, केडीईमध्ये, एक्सएफसीईमध्ये त्यासाठी वेगवेगळे छोटे प्रोग्रॅम आहेत आणि ते तुमच्या लॉगइनच्या आत, तुमच्या अधिकाराने चालतात. पूर्ण डेस्कटॉपऐवजी नुसता हलका विंडो मॅनेजर (फक्त खिडक्या सांभाळणारा प्रोग्रॅम) वापरणारे यूडिस्की नावाचा प्रोग्रॅम बसवतात, तोही हेच करतो.

म्हणजे ‘आपोआप’मागे खरं तर तुमच्या नावाने केलेली एक विनंती असते. तुम्ही लॉगइन केलेलंच नसेल तर विनंती करणारं कोणी नाही, म्हणून लॉगइनच्या पडद्यावर असताना खोचलेली डिस्क तशीच पडून राहते. केडीईच्या सेटिंगमध्ये ‘डिस्क लावल्यावर’ आणि ‘लॉगइन केल्यावर’ असे दोन वेगळे पर्याय दिसतात ते याचसाठी. ही सेटिंग प्रत्येक यूजरची स्वतंत्र असते. आईने चालू केली म्हणून मुलीच्या लॉगइनमध्ये ती चालू होत नाही.

होकार कोण देतं

विनंती आली म्हणून यूडिस्क्स लगेच मान डोलावत नाही. ती पोलकिटला विचारते. या कामाला या माणसाला परवानगी आहे का, हे सांगणारी ही तिसरी सेवा. पोलकिट माणसाचं नाव बघतेच, पण त्याआधी तो बसलाय कुठे हे बघते. समोर कीबोर्ड-माउस वापरत असलेला यूजर ‘अॅक्टिव्ह’, स्विच करून मागे ठेवलेला यूजर ‘इनअॅक्टिव्ह’, आणि दुसऱ्या कॉम्प्युटरवरून एसएसएचने आलेला यूजर या दोन्हींत बसत नाही. काढता-घालता येणारी डिस्क जोडायची असेल तर अॅक्टिव्ह यूजरला थेट होकार आणि बाकीच्यांना अॅडमिनचा पासवर्ड, असा मूळचा नियम आहे. कॉम्प्युटरच्या आत कायम बसवलेल्या डिस्कसाठी वेगळा नियम असतो आणि तिथे अॅक्टिव्ह यूजरलाही पासवर्ड विचारला जातो.

यामागचा तर्क मला पटतो. यूएसबीच्या भोकापर्यंत ज्याचा हात पोचतो, डिस्क त्याची असण्याची शक्यता सर्वात जास्त. शेजारच्या खोलीतून एसएसएचने आलेल्याने तुमचा पेनड्राइव्ह परस्पर उघडावा असं कोणालाच वाटणार नाही.

स्विच यूजर केल्यावर इनअॅक्टिव्ह झालेल्या लॉगइनचा डेस्कटॉप मागे चालू असतो, पण नव्या डिस्कसाठी धाव घेत नाही. म्हणून दोन लॉगइन एकदम चालू असली तरी एका पेनड्राइव्हवरून दोघांची झोंबाझोंबी होत नाही. जो समोर, त्याला डिस्क.

मग मुलीला नाही का म्हटलं गेलं

आईच्या लॉगइनमधून विनंती गेली, होकार मिळाला, आता डिस्क कुठे जोडायची? उबुंटू आणि डेबियनमध्ये ‘/मीडिया’ या फोल्डरात आईच्या यूजरनेमचं एक फोल्डर तयार होतं आणि त्याच्या आत डिस्कच्या लेबलच्या नावाने डिस्क जोडली जाते. फेडोरा आणि आर्चमध्ये हेच ‘/रन/मीडिया’ खाली होतं. मुलीला अडवणारं फोल्डर म्हणजे हे मधलं, आईच्या नावाचं.

टर्मिनल उघडून या मधल्या फोल्डरची परवानगी बघितली तर एक गंमत दिसते. मालक म्हणून आईचं नाव नसतं, रूटचं असतं. ‘इतरांना’ या रकान्यात काहीच नाही. आणि परवानगीच्या अक्षरांच्या शेवटी एक बारीकसं अधिकचं चिन्ह असतं: +. नेहमीच्या मालक-ग्रुप-इतर या तीन रकान्यांपलीकडे आणखी एक यादी जोडलेली आहे, ही त्या चिन्हाची खूण. त्या यादीला एसीएल म्हणतात आणि इथे तिच्यात एकच नाव असतं, आईचं, तेही फक्त आत जाण्या-वाचण्यापुरतं. मुलीचं पाऊल इथेच अडतं. डिस्कवरच्या फाइली तिला खुल्या आहेत की नाहीत हा प्रश्न अजून आलेलाच नाही, ती तिथपर्यंत पोचतच नाही. म्हणूनच डिस्कवरच्या फोल्डरांना ‘सगळ्यांना सगळं’ अशी परवानगी देऊन काही फरक पडत नाही. वाड्याच्या दिंडीलाच अडसर असेल तर आतल्या खोल्या उघड्या ठेवून काय उपयोग.

आधीच्या पिढीतल्या यूडिस्क्समध्ये डिस्क थेट ‘/मीडिया’ खाली लागायची, मधलं फोल्डर नव्हतं. दुसऱ्या आवृत्तीत ते मुद्दाम आणलं, कारण बहुतेक पेनड्राइव्ह फॅट किंवा एक्सफॅटमध्ये असतात आणि त्यांवर ‘ही फाइल अमक्याची’ अशी नोंदच करता येत नाही. अशी डिस्क उघड्या जागी जोडली तर कॉम्प्युटरवरच्या कोणालाही तिच्यातली प्रत्येक फाइल वाचता येईल. घरी ते चालेल. कॉलेजच्या लॅबमध्ये किंवा ऑफिसात चालणार नाही.

सुरक्षेची थोडी बाजू

माउंट होणं आणि प्रोग्रॅम चालणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि त्या एकत्र केल्याची किंमत विंडोजच्या जगाने मोजलीय. पेनड्राइव्हवरचा ऑटोरन प्रोग्रॅम फारसं न विचारता चालू होण्याच्या सोयीचा फायदा २००८ मध्ये कॉन्फिकर या वर्मने, म्हणजे स्वतःच पसरणाऱ्या घातक प्रोग्रॅमने, घेतला. २००९ च्या विंडोज ७ मध्ये यूएसबी ड्राइव्हसाठी ही सोय बंद झाली आणि २०११ मध्ये मायक्रोसॉफ्टने जुन्या विंडोजसाठीही तसा अपडेट दिला. २०१० मध्ये उघडकीला आलेल्या स्टक्सनेट या दुसऱ्या वर्मला तर ऑटोरनचीही गरज नव्हती. पेनड्राइव्हमधलं फोल्डर नुसतं उघडून आयकॉन दिसले तरी पुरे होतं.

लिनक्समध्ये यूडिस्क्स प्रत्येक काढता-घालता येणारी डिस्क ‘नोसूइड’ आणि ‘नोडेव्ह’ हे दोन ऑप्शन लावून जोडते. पहिला नसता तर कोणीही आपल्या घरच्या कॉम्प्युटरवर रूटच्या मालकीचा, रूटच्याच अधिकाराने चालणारा प्रोग्रॅम पेनड्राइव्हवर तयार करून आणला असता आणि तुमच्या कॉम्प्युटरवर तो चालवून सर्वाधिकारी झाला असता. दुसरा ऑप्शन पेनड्राइव्हवर बनवलेल्या खोट्या उपकरण-फाइलींना (लिनक्समध्ये उपकरणंही फाइलींच्या रूपात दिसतात) निकामी करतो. डिस्क सगळ्यांसाठी खुली करताना आपण स्वतः माउंटचे ऑप्शन लिहिणार असू, तर हे दोन विसरायचे नाहीत.

फाइल कोणाची: फॅटचं एक, ईएक्सटी४ चं भलतंच

आता तिसरा निर्णय. खरी डोकेदुखी हीच आहे.

फॅट, एक्सफॅट यांच्यावर मालकाची नोंद नसते, पण लिनक्सला तर प्रत्येक फाइलला मालक हवाच. म्हणून माउंट करतानाच एक काल्पनिक मालक ठरवला जातो. यूडिस्क्स ज्याने विनंती केली त्याला मालक करते आणि इतरांना वाचण्याची परवानगी देते, लिहिण्याची नाही. हे सगळ्या डिस्कला सरसकट लागू होतं, फाइलगणिक बदलता येत नाही. अशा पेनड्राइव्हवरच्या एखाद्या फाइलची परवानगी बदलायला गेलात तर एकतर चूक दाखवली जाईल किंवा काहीच होणार नाही. लिहायला जागाच नाही, तर कॉम्प्युटर तरी लिहिणार कुठे? परवानगी बदलायची तर डिस्क काढून वेगळ्या ऑप्शनने पुन्हा जोडायची: यूआयडी म्हणजे मालक, जीआयडी म्हणजे ग्रुप, आणि एफमास्क-डीमास्क म्हणजे फाइल आणि फोल्डर यांच्या परवानग्यांतून काय वजा करायचं ते. एनटीएफएसवर विंडोजच्या पद्धतीची मालकी नोंदलेली असते, पण नेहमीच्या वापरात लिनक्स तिकडे दुर्लक्ष करून तिलाही फॅटसारखंच वागवतं.

एनटीएफएसचा आणखी एक त्रास लोक चुकून परवानगीच्या खात्यात टाकतात. विंडोज ८ पासून ‘फास्ट स्टार्टअप’ आलं. त्यात शटडाउन केलेलं विंडोज खरं तर अर्धवट झोपलेलं असतं आणि डिस्कवर तशी खूण राहते. ती खूण दिसली की लिनक्स डिस्क फक्त वाचण्यापुरती जोडतं, किंवा जोडायलाच नकार देतं. इथे ग्रुप आणि मास्क बदलत बसण्यात अर्थ नाही. विंडोजमध्ये जाऊन फास्ट स्टार्टअप बंद करायचं आणि नीट शटडाउन करायचं.

ईएक्सटी४ वर मालक नोंदवला जातो, पण नावाने नाही, आकड्याने. बहुतेक लिनक्समध्ये पहिल्या यूजरचा आकडा १०००, दुसऱ्याचा १००१. आईने घरच्या कॉम्प्युटरवर १००० या आकड्याने लिहिलेली डिस्क ऑफिसात नेली, तर तिथे ज्याचा आकडा १००० असेल त्याला त्या सगळ्या फाइली आपल्याच वाटतील. आणि तिथे आईचा आकडा १००३ असेल तर स्वतःच्याच फाइली तिला परक्या. म्हणजे मालकी नोंदवणारी फाइल सिस्टीम एका कॉम्प्युटरपुरती सुरक्षित, दोन कॉम्प्युटरांत फिरली की तिच्या नोंदींना अर्थ उरत नाही. अॅपलच्या मॅकने यावर एक सरळ तोडगा काढलाय: बाहेरच्या डिस्कच्या माहितीच्या खिडकीत ‘या डिस्कवरची मालकी दुर्लक्षित करा’ असा एक चौकोन असतो. त्यावर टिक असली की जो बघेल त्याला त्या फाइली स्वतःच्या वाटतात. लिनक्सच्या कर्नलमध्ये माउंट करतानाच मालकीचे आकडे बदलून दाखवण्याची सोय २०२१ मध्ये ५.१२ या आवृत्तीपासून आली आहे, पण नेहमीच्या डेस्कटॉपवर क्लिक करून वापरता येईल अशा रूपात ती अजून हाताशी नाही.

सगळ्यांसाठी खुलं करायचं तर

आधी ठरवा की कोणतीही डिस्क सगळ्यांना दिसायला हवी, की एक ठरावीक डिस्क. माझं मत विचाराल तर दुसरं. घरात सगळ्यांची मिळून एखादीच बॅकअपची किंवा फोटोंची डिस्क असते. तेवढ्यासाठी प्रत्येक पाहुण्याचा पेनड्राइव्ह चव्हाट्यावर मांडायची गरज नसते.

तरी सगळ्याच डिस्क खुल्या करायच्या असतील, तर यूडेव्हच्या नियमांच्या फोल्डरात एक छोटी फाइल लिहावी लागते. तिच्यात ‘यूडिस्क्स_फाइलसिस्टीम_शेअर्ड’ या खुणेला १ ही किंमत द्यायची. ती बघून यूडिस्क्स मधलं खाजगी फोल्डर वगळते आणि डिस्क थेट ‘/मीडिया’ खाली जोडते. दिंडी उघडली. पण लिहिण्याची परवानगी हा वेगळा प्रश्न आहे, हे आपण वर पाहिलं. फॅट किंवा एक्सफॅट डिस्क अजूनही पहिल्याच्या नावावर लागेल आणि बाकीच्यांना फक्त वाचता येईल. त्यासाठी यूडिस्क्सची माउंट ऑप्शनची फाइल आहे, २.९.० या आवृत्तीपासून मिळालेली. तिचा नमुना सोबत येतो. त्यातले मास्क सैल केले की बाकीच्यांनाही लिहिता येतं. यूडेव्हचा वरचा नियम एका ठरावीक यूयूआयडीपुरता लिहिला तर तेवढीच डिस्क सामायिक होते, आणि बाकीच्या पेनड्राइव्हचं खाजगीपण टिकतं.

ठरावीक डिस्कसाठी जुना, खात्रीचा रस्ता म्हणजे एफएसटॅब. ही एक साधी मजकुराची फाइल असते: एका ओळीत एक डिस्क. कोणती डिस्क (यूयूआयडीने), कुठे जोडायची, कोणत्या फाइल सिस्टीमची, कोणत्या ऑप्शनने. इथे नोंद असलेली डिस्क असेल तर यूडिस्क्सही स्वतःचं डोकं न चालवता याच नोंदीप्रमाणे वागते. पण काढता-घालता येणाऱ्या डिस्कची नोंद करताना ‘नोफेल’ हा ऑप्शन हवाच हवा. तो नसेल आणि कॉम्प्युटर सुरू करताना डिस्क लावलेली नसेल, तर सिस्टीम मूळच्या सेटिंगप्रमाणे ९० सेकंद तिची वाट बघते आणि मग आणीबाणीच्या काळ्या पडद्यावर जाऊन थांबते. ते बघून पुष्कळांनी सगळं लिनक्स पुन्हा बसवलं असेल. गरज एका शब्दाची होती.

नोफेलबरोबर सिस्टमडीचा (कॉम्प्युटर सुरू करून सगळ्या सेवा सांभाळणारा प्रोग्रॅम) ऑटोमाउंट ऑप्शन लावला तर व्यवस्था फारच सुटसुटीत होते. माउंट पॉइंटचं फोल्डर कायम जागेवर राहतं. कोणीही, कोणत्याही लॉगइनमधून त्यात शिरलं की त्या क्षणी डिस्क जोडली जाते. इथे विनंती करणारा डेस्कटॉप नाही, होकार देणारी पोलकिट नाही, ‘समोर कोण बसलंय’ हा प्रश्नच नाही. सगळं रूटच्या नावाने, आधीच ठरल्याप्रमाणे. डिस्क लावलेली नसताना कोणी त्या फोल्डरवर क्लिक केलं तर मात्र फाइल मॅनेजर बराच वेळ गोठल्यासारखा वाटतो, कारण तो वाट बघत असतो. ही वाट बघण्याची मुदत वेगळ्या ऑप्शनने पाच-दहा सेकंदांवर आणता येते. काही वेळ वापर झाला नाही तर डिस्क आपोआप सोडून देण्याचाही ऑप्शन आहे.

आता मालकी. डिस्क एक्सफॅटमध्ये असेल तर सोपं: एक ग्रुप तयार करा, सगळ्यांना त्यात घाला, एफएसटॅबच्या ओळीत तो ग्रुप लिहा आणि ग्रुपला लिहिता येईल असे मास्क द्या. झालं. ईएक्सटी४ असेल तर ग्रुप तसाच करायचा, पण परवानगी डिस्कवर प्रत्यक्ष लिहावी लागते. डिस्कच्या मुख्य फोल्डरला तो ग्रुप द्यायचा आणि ‘सेटजीआयडी’ची खूण करायची, म्हणजे आत तयार होणारी प्रत्येक नवी फाइल त्याच ग्रुपची होते. एवढ्यानेही भागत नाही. बहुतेक प्रोग्रॅम नवी फाइल करताना ग्रुपला फक्त वाचण्याची परवानगी देतात, म्हणून मुलीने टाकलेली फाइल आईला उघडते पण बदलता येत नाही. याला उतारा म्हणजे त्या फोल्डरावर डिफॉल्ट एसीएल लावणं: ‘यापुढे इथे जे तयार होईल त्यावर ग्रुपला लिहिता येईल’ अशी कायमची सूचना. तरीही कॉपी करताना मूळ फाइलची परवानगी जशीच्या तशी पुढे ओढणारी सॉफ्टवेअरं हा बेत अधूनमधून उधळतात, आणि त्याच डिस्कवर एका फोल्डरातून दुसऱ्यात हलवलेली फाइल आपली जुनी परवानगी बरोबर घेऊनच येते.

म्हणून घरच्या सामायिक डिस्कसाठी मी एक्सफॅट सुचवतो. ४ जीबीपेक्षा मोठी फाइल फॅट३२ वर मावत नाही, एक्सफॅटवर मावते. मायक्रोसॉफ्टने तिचा तपशील २०१९ मध्ये जाहीर केल्यापासून लिनक्सच्या कर्नलमध्येच तिची सोय आलेली आहे. मालकीची नोंद नसणं हा इतर वेळचा तिचा दोष इथे चक्क गुण ठरतो. बॅकअपचं सॉफ्टवेअर मालकी आणि लिंका जपणारं असेल तर मात्र ईएक्सटी४ ला पर्याय नाही, मग वरची सगळी कसरत करायची.

आणि ग्रुपमध्ये नाव घातल्यावर ‘तरी चालत नाही’ म्हणून डोकं धरून बसण्याआधी लॉगआउट करून पुन्हा लॉगइन करा. ग्रुपची यादी लॉगइनच्या वेळीच वाचली जाते, मधे नाही. दुसरी चक्रावून टाकणारी गोष्ट: फाइल पुसण्याची परवानगी फाइलवर नसते, ती ज्या फोल्डरात आहे त्यावर असते. सामायिक फोल्डरात मुलीची फक्त-वाचा फाइल आईला बदलता येणार नाही, पण पुसता मात्र येईल.

काढताना

कॉपी पूर्ण झाल्याचं पडद्यावर दिसलं तरी मजकूर डिस्कवर पोचलेला असतोच असं नाही. लिनक्स तो आधी मेमरीत ठेवतं आणि सवडीने लिहितं. मूळच्या सेटिंगप्रमाणे असा मजकूर साधारण ३० सेकंदांपर्यंत मेमरीतच थांबू शकतो, आणि डिस्क धीमी असेल तर प्रत्यक्ष लिहायला त्यानंतरही वेळ लागतो. फॅटच्या पेनड्राइव्हला यूडिस्क्स ‘फ्लश’ ऑप्शन लावते, त्यामुळे तिथे लिहिणं लवकर उरकतं, पण अनमाउंट न करता ओढण्याची मुभा त्याने मिळत नाही.

अनेक यूजर असताना इथे एक पेच येतो. आईने जोडलेली डिस्क मुलगी काढायला गेली तर पोलकिट ‘दुसऱ्याने जोडलेली डिस्क काढणं’ हे वेगळं काम मानते आणि अॅडमिनचा पासवर्ड मागते. पासवर्ड दिला तरी ‘डिस्क वापरात आहे’ असं उत्तर येऊ शकतं, कारण मागे ठेवलेल्या आईच्या लॉगइनमध्ये फोटोंचा अल्बम किंवा त्या फोल्डरात उघडलेलं टर्मिनल अजून जागं असतं. कोण अडवतंय हे ‘फ्यूजर’ किंवा ‘एलएसओएफ’ या कमांड सांगतात. दुसऱ्याचे प्रोग्रॅम बघायचे म्हणून त्या रूटच्या अधिकाराने चालवाव्या लागतात. सापडलेला प्रोग्रॅम ज्याचा आहे त्याच्या लॉगइनमध्ये जाऊन बंद करणं सगळ्यात बरं, न सेव्ह केलेलं काम वाचतं.

‘लेझी’ अनमाउंट नावाचा एक आडमार्गही सुचवला जातो. त्याने डिस्क झाडावरून दिसेनाशी होते, पण ज्या प्रोग्रॅमने फाइल उघडी ठेवलीय त्याचं लिहिणं मागे चालूच राहतं, आणि आता ते कधी संपलं हे कळायचा सोपा मार्गही उरत नाही. डिस्क हातात घ्यायची असेल तेव्हा तो वापरू नका.